पोरं जाणारच आहेत, मग शिकवायचं कशाला?

या आठवड्याच्या व्हिडिओत स्टाफ सोडून जातो त्याबद्दल बोललो, पण एक उदाहरण वेळेअभावी राहून गेलं. ते इथे लिहितो. उदाहरण दुकानाचं नाही, वाद्यवृंदाचं आहे. तोही पाश्चात्त्य संगीताचा. जरा धीर धरा.

अमेरिकेत मिशिगन राज्यात ॲलनडेल म्हणून लहानसं गाव आहे, आजूबाजूला शेती. तिथल्या ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीत २००६ साली बिल रायन या प्राध्यापकांनी ‘न्यू म्युझिक एन्सेम्बल’ सुरू केलं. बीथोव्हेन-मोझार्ट नाही, तर आजच्या काळातल्या संगीतकारांच्या रचना वाजवणारा विद्यार्थ्यांचा गट. आणि सुरुवातीलाच हात कशाला घातला? स्टीव्ह राइश यांच्या ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ला!

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते स्टॉक मोजायच्या रात्री. तासाभराची रचना, गाण्याचे शब्द नाहीत, त्यामुळे मोजणी चुकत नाही. संगीतातलं मला कळत नाही, पण ते बसवतात कसं हे वाचलं आणि झोप उडाली. अठरा जण, आणि समोर काठी घेऊन उभा राहणारा कंडक्टरच नाही. पुढच्या भागात कधी जायचं ते व्हायब्राफोनवाला वाजवून कळवतो, की सगळे वळले. क्लॅरिनेटवाले आणि गायिका काही ठिकाणी आपला श्वास पुरेल तितकाच वेळ सूर धरतात. कोणी कोणाला ओरडत नाही. आपल्याकडे मालक जेवायला गेला की गिऱ्हाइकाला ‘शेठ आल्यावर या’ सांगतात!

आणखी एक गंमत. ही रचना १९७६ सालची, पण जवळपास वीस वर्षं ती मुख्यतः राइश यांची स्वतःची मंडळीच वाजवायची. पूर्ण लिहिलेली प्रतच नव्हती, बरंच काही त्या वादकांच्या सवयीत आणि डोक्यात. नव्वदच्या दशकात मार्क मेलिट्स या तरुण संगीतकाराने ती नीट लिहून काढली, तेव्हा कुठे बाहेरच्यांना वाट मोकळी झाली. आता सांगा, तुमच्या दुकानातले रेट कुठे लिहिलेत? माझे डोक्यात आहेत. कोणत्या प्लंबरला किती टक्के सोडायचे, कोणाची उधारी कुठवर चालू द्यायची, सगळं डोक्यात.

ॲलनडेलच्या पोरांनी २००७ साली याची सीडी काढली, न्यूयॉर्कला ‘बँग ऑन अ कॅन’च्या मॅरेथॉन मैफलीत जाऊन वाजवलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दखल घेतली. आणि मग? मग ती पोरं पदवी घेऊन गेली. जाणारच होती, रायनसरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी गट चालू राहिला, नव्या पोरांनी नव्या रचना वाजवल्या.

तुम्ही म्हणाल, युनिव्हर्सिटीला काय, उलट पोरंच फी भरतात, आपल्याला पगार द्यावा लागतो. बरोबर आहे. हा फरक मोठा आहे आणि मी तो लपवत नाही. शिकवण्यात गेलेला वेळ आपल्या गल्ल्यातून जातो.

पण माझं ऐका. माझ्याकडे एक मुलगा होता, हार्डवेअरमधलं एकूण एक त्याला शिकवलं. दोन वर्षांनी ऐन दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्या मोठ्या दुकानात गेला. इतका राग आला की नंतर आलेल्या पोराला मुद्दाम काही शिकवलं नाही. माल उचल, चहा सांग, बिलाला हात लावू नकोस. तो आठ महिन्यांत गेला. जाताना म्हणाला, ‘दादा, इथं काही शिकायला मिळत नाही.’ बीबीएला एचआरचा अख्खा पेपर दिला होता मी, तरी हे वाक्य ऐकून गप्प बसलो. शिकवलेला दोन वर्षं टिकला, न शिकवलेला आठ महिने. खोट कोणत्या व्यवहारात होती?

म्हणून मला वाटतं, ‘पोरं टिकत नाहीत’ हे रडगाणं आपण बंद करावं. तो जाणार हे धरूनच कामाची आखणी करायची, आणि असेल तोवर अवघड काम त्याच्या हातात द्यायचं.

मी रेटची वही लिहायला घेतलीय. पीव्हीसी पाइप आणि फिटिंग झालं, सॅनिटरीचं बाकी आहे. सोमवारी नवीन मुलगा येतोय, पुढचं त्याच्याकडूनच लिहून घेणार आहे.