तळ्यात मासा आला कुठून?

मंडळी, पुष्कळ दिवसांनी लिहायला बसले आहे. 2024 च्या उन्हाळ्यात लेकीकडे कॅलिफोर्नियात तीन महिने राहून आले. तिथल्या बागा, देवळं, वाचनालय सगळ्यांवर लिहून झालं, एका तळ्याचं मात्र राहिलं. खरं सांगायचं तर टाळत होते. त्या तळ्याकाठी जावयांशी माझा वाद झाला होता आणि जावई हे सगळं वाचतात. (वाचा हो, आता राग नाही!)

जुलैमध्ये आम्ही सगळे लेक टाहोला गेलो. सिएरा नेवाडा पर्वतातलं हे अजस्र सरोवर सव्वासहा हजार फुटांवर आहे आणि त्याची खोली 501 मीटर! त्याच्या एका बाजूला एमराल्ड बे नावाची खाडीसारखी जागा आहे. पाणी पाचूसारखं हिरवं, मध्ये एक एवढंसं बेट. नातू आणि लेक कयाक घेऊन बेटापर्यंत जाऊन आले. मी काठावर बसून त्याच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा नीट आहे ना, हे दुरून बघत होते. बर्फ वितळून आलेलं पाणी ते. पाय बुडवला तर कळ थेट दाढेपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी ईगल लेक. एमराल्ड बेच्या वरच्या अंगाला जेमतेम मैलभराची चढण आहे, म्हणून मलाही न्यायचं ठरलं. सुरुवातीला एक फुकटचा परवाना आपला आपण भरून पेटीत टाकायचा. थोडं चढलं की ईगल फॉल्स हा धबधबा, त्यावर पूल, मग दगडी पायऱ्या. मी चार वेळा बसले, दोनदा परत जाऊ म्हणाले, पण पोचले. तिन्ही बाजूंनी ग्रॅनाईटचे उघडे कडे आणि मधोमध शांत तळं. बोलावंसंच वाटेना.

जावयांनी गळ काढला. तिथे सोळा वर्षांच्या पुढच्या माणसाला मासेमारीचा परवाना काढावा लागतो, तो त्यांच्या खिशात होता. नातू बाराचा, त्याला नको. अर्ध्या तासाने नातवाच्या गळाला मासा लागला. ब्रूक ट्राउट, वीतभर लांब, अंगावर लाल ठिपके आणि त्याभोवती निळसर कडं. असा देखणा मासा मी मुंबईच्या बाजारातसुद्धा पाहिला नव्हता. जावयांनी हात ओले केले, अलगद गळ सोडवला, फोटो काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

मी देवगडकडची. माझ्या लेखी मासा म्हणजे कालवणात नाहीतर तव्यावर. मी म्हटलं, "अहो, सोडायचाच होता तर धरला कशाला?"

"आई, हा खेळ आहे. निसर्गाचं निसर्गाला परत."

"खेळाला दोन पक्ष लागतात, जावईबापू. दुसऱ्या पक्षाच्या ओठात आकडा अडकवून कसला खेळ?"

लेकीने डोळे वटारले (माझ्यावर, नवऱ्यावर नाही). मग मी गप्प बसले. पण मास्तरीण पडले ना, डोक्यात दुसराच प्रश्न सुरू झाला. वाटेत तो धबधबा लागला होता. एवढ्या उंच कातळावरून मासा वर चढला कसा? नातवाला विचारलं, त्याने बापाला विचारलं. जावई हसून म्हणाले, "चढला नाही, आई. माणसांनी आणून सोडला."

घरी आल्यावर लेकीच्या मदतीने मी पंधरा दिवस हेच वाचत होते. सिएराच्या उंचावरच्या तळ्यांत मुळात मासेच नव्हते. हिमयुगातल्या हिमनद्यांनी डोंगर कोरून ही तळी केली आणि खाली धबधबे ठेवले. मासा वर येणार कुठून? मग एकोणिसाव्या शतकात गोरी वसाहत आली आणि ही रिकामी तळी त्यांना बघवेनात. 1876 मध्ये तर कोणी डझनभर गोल्डन ट्राउट चक्क कॉफीच्या किटलीत घालून एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात नेले. पुढे खेचरांच्या पाठीवर पत्र्याचे डबे आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर विमानातून पाण्यासकट माशांची पिल्लं तळ्यांत ओतायला लागले. ब्रूक ट्राउट हा तर देशाच्या पूर्व टोकाचा मासा. म्हणजे जावयांनी ज्याला "निसर्गाला परत" केलं, तो निसर्गाचा नव्हताच, सरकारी खात्याचा होता!

पण तळी रिकामी नव्हती. त्यांत पिवळ्या पायांचा डोंगरी बेडूक राहायचा, आणि शंभर वर्षांपूर्वी इतका की काठाने चालताना पायात यायचा. आपल्याकडे बेडकाची पिल्लं पावसाळ्याच्या डबक्यात महिन्या-दोन महिन्यांत बेडूक होतात. तिथल्या थंडीत त्यांना दोन, तीन, कधी चार वर्षं लागतात. म्हणजे तितके हिवाळे पाण्यात काढायचे. उथळ डबकं तळापर्यंत गोठतं, तेव्हा खोल तळंच हवं. आणि खोल तळ्यातच तर ट्राउट सोडलेले! चार वर्षं पिल्लांनी लपायचं कुठे? भरीला बेडकांवर एक बुरशीचा रोग आला. नव्वद टक्क्यांहून अधिक जागांवरून हा बेडूक नाहीसा झाला आणि 2014 मध्ये सरकारने त्याला विनाशाच्या वाटेवरचा प्राणी म्हणून जाहीर केलं.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मासे सोडणं 1991 मध्ये थांबलं. शेजारच्या सेकोया-किंग्ज कॅन्यनमध्ये 2001 पासून काही निवडक तळ्यांतले मासे जाळी लावून काढतात. एकेका तळ्याला काही वर्षं लागतात. आणि मासे काढलेल्या तळ्यांत बेडूक खरोखर परत वाढले. योसेमिटीत तर रोगाला तोंड देऊ शकणारे बेडूक 2006 पासून आणून सोडले आणि कित्येक तळ्यांत ते आता आपले आपण नांदू लागलेत, असं 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे.

यावर तिथल्या गळवाल्यांची तक्रार आहे, आणि ती मला अगदीच खोटी वाटत नाही. आजोबांनी ज्या तळ्याकाठी मासा धरायला शिकवलं, तिथे नातवाला नेलं तर पाटी कोरी. गावोगावचे गळ-आमिषाचे दुकानदार, वाटाडे यांचं पोट त्यावर. शिवाय मासाही जीवच ना? बेडकासाठी मासा मारायचा हा न्याय कुठला? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, मासे काढायलाच हवेत. सगळीकडून कोणी काढत नाहीये, हजारो तळ्यांतल्या थोड्याच तळ्यांचा प्रश्न आहे. ट्राउटला राहायला दुसऱ्या जागा आहेत, त्या बेडकाला नाहीत. आणि जिथे मासे राहणारच आहेत, तिथे नियमात बसेल तेवढा मासा धरावा, घरी न्यावा, हळद-तिखट लावून खावा. फोटोपुरता धरून सोडण्यात निसर्गावर उपकार केल्याचा जो भाव असतो ना, त्याला माझा विरोध आहे.

एवढं लिहून पोस्ट करणार होते. पण मग एक गोष्ट आठवली आणि हात थबकला.

नोकरीच्या मधल्या काळात मी एका खेड्यातल्या शाळेत होते. मलेरियाची साथ होती. आरोग्य खात्याच्या माणसाने गप्पी मासे आणून दिले. डासांची अंडी-अळ्या खातात म्हणून. मी सातवीच्या वर्गाची रांग केली, प्रत्येकाच्या हातात पाणी भरलेली पिशवी, आणि आम्ही गाणी म्हणत गावातल्या प्रत्येक विहिरीत, दोन पाणवठ्यांत मासे सोडून आलो. शाळेच्या वार्षिक अहवालात मी त्यावर पानभर लिहिलंही होतं. गप्पी हा दक्षिण अमेरिकेकडचा मासा, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्या पाण्यात आधी काय काय राहत होतं, हे मी मुलांना विचारलं नाही. स्वतःलाही नाही. ताप तर खरा होता, घरोघरी माणसं आजारी होती. आज पुन्हा ती वेळ आली तर कदाचित पुन्हा सोडीन. पण आधी वाकून विहिरीत बघेन तरी.

काश्मीरला ट्रेकला जाणाऱ्या आपल्या पोरांनाही म्हणून सांगते, तिकडचे ब्राऊन ट्राउटही इंग्रजांनी 1900 च्या सुमारास बोटीने आणवले होते. गंगाबलला फोटो काढाल तेव्हा आठवण ठेवा.

जावयांना हा मजकूर आधीच वाचून दाखवलाय. ते म्हणाले, "आई, पुढच्या वेळी तवा सोबत घेऊ." आणि परवा त्या गावातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तोही आता आजोबा झालाय. शाळेमागच्या विहिरीत वाकून बघ रे, म्हटलं. गप्पी अजून आहेत म्हणाला, झुंडीने. बेडकांचं विचारायचं राहिलं, उद्या पुन्हा फोन करते.