आकडा उघड्यावर आहे, मग सापडत का नाही?



बाजारभावाची किंवा पावसाची माहिती मागायला गेलो की साहेबांचे उत्तर ठरलेले असते, "सगळे संकेतस्थळावर टाकले आहे." उत्तर खोटे नाही. अॅगमार्कनेट हे केंद्राचे संकेतस्थळ २००० सालापासून बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर देत आले आहे. २०१२ साली केंद्राने माहिती खुली करण्याचे धोरणही काढले. पण कापसाची गाडी भरण्याआधी 'कापूस भाव' आणि आपल्या बाजाराचे नाव गूगलवर टाकून पाहा. पुष्कळदा वर येतात ती जाहिरातींनी भरलेली खासगी पाने. भाव कालचा की महिन्यापूर्वीचा, पत्ता लागत नाही.

याचे कारण गूढ नाही. शोधयंत्र एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाते आणि दिसेल त्याची नोंद ठेवते. सरकारी आकडा पुष्कळदा राज्य, जिल्हा, बाजार, पीक, तारीख अशा पाच पेट्या निवडून बटण दाबल्यावरच उमटतो. यंत्र सहसा त्या पेट्या भरत बसत नाही. त्या पानाला स्वतःचा कायमचा पत्ताही नसतो. कोठारात ज्वारी आहे, पण दाराला ना पाटी ना कडी, तसला हा प्रकार.

मराठीची तर वेगळीच दैना. कार्यालयांतून वर्षानुवर्षे जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन झाले. डोळ्यांना 'कापूस' दिसते, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. युनिकोडमध्ये शोधणाऱ्याला तो कागद कसा सापडावा? त्यात भर म्हणजे तक्त्याचा तिरपा फोटो काढून तोच चढवणारे महाभाग!

आमच्या दृष्टीने हा भावापुरता प्रश्न नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. पंचनाम्याच्या वेळी आपल्या मंडळाचा आकडा हातात असलेला शेतकरी वेगळा बोलतो आणि नसलेला वेगळा. व्यापाऱ्याकडे आकडे काढायला माणूस बसवलेला असतो. आपण दिवसभर वखरामागे.

उपायाला कोट्यवधी लागत नाहीत. प्रत्येक बाजाराला आणि मंडळाला कायमच्या पत्त्याचे वेगळे पान द्यावे. शीर्षकात गाव, पीक, तारीख युनिकोड मराठीत असावी. सगळ्या पानांची यादी, जिला साइटमॅप म्हणतात, शोधयंत्रांना द्यावी. तक्ता फोटोत नको, मोजता येईल अशा फाइलीत हवा, आणि त्यावर हा आकड्यांचा संच आहे अशी यंत्राला कळणारी खूण हवी. ही खूण करण्याची सामाईक पद्धत २०११ पासून आहे. गूगलने २०१८ साली आकड्यांच्या संचांसाठी वेगळा शोधही सुरू केला.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याने पत्ता पाठ करावा. का म्हणून? माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की माहिती न मागता, सहज मिळेल अशी आणि स्थानिक भाषेचा विचार करून द्यायची. शोधून न सापडणारी माहिती सहज मिळाली असे आम्ही मानत नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने दहा शोध करून आणावेत. कोणते शब्द टाकले, कोणत्या तारखेला, पहिल्या पानावर काय आले, सरकारी पान कितव्या जागी होते, एवढे वहीत लिहा. मुलामुलींना सोबत घ्या, त्यांचा हात चलाख असतो. त्या वह्या जोडूनच निवेदन द्यायचे आहे.