पाळणाघरातला ताप हा रजेचा प्रश्न आहे



युनियनच्या सभेत पाळणाघराचा विषय निघाला की आपले काही साथी चुळबुळ करू लागतात. महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे खरे प्रश्न आणि पाळणाघर म्हणजे भगिनींचा घरगुती मामला, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. पाळणाघरात मुले एकमेकांमुळे आजारी पडतात ती केवळ जंतूंमुळे नाही. आजारी मुलाला घरी ठेवण्याइतकी रजा आईबापाजवळ नसते, म्हणूनही पडतात.

सकाळी मुलाचे अंग कोमट लागते. आईची पहिली पाळी, बापाची गाडीवर ड्यूटी. कॅज्युअल रजा संपत आलेली. मग पॅरासिटामॉलचे औषध पाजून मूल पाळणाघरात पोचवले जाते. चार-सहा तासांनी औषधाचा अंमल उतरतो आणि ताप पुन्हा चढतो. तोवर ते मूल दहा मुलांच्या खेळण्यांना हात लावून, त्यांच्या शेजारी झोपून मोकळे झालेले असते. पाळणाघरातल्या मावशी फोन करतात तेव्हा आई तिकीट खिडकीवर असते, खिडकीसमोर रांग असते आणि जागेवर बसायला दुसरे कोणी नसते. यात दोष कोणाचा? आईचा नाही आणि मावशींचाही नाही. ज्या नियमांनी या दोघींना कोंडीत धरले आहे, त्या नियमांकडे आपण पाहिले पाहिजे.

केंद्रीय कर्मचारी भगिनींना १ सप्टेंबर २००८ पासून चाईल्ड केअर लीव्ह मिळाली. सबंध नोकरीत ७३० दिवस. ही चळवळीची मोठी कमाई आहे. सातव्या वेतन आयोगानंतर त्यातल्या पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण पगार आणि पुढच्या ३६५ दिवसांना ८० टक्के पगार अशी विभागणी झाली. पण नियमातली बारीक अक्षरे वाचा. ही रजा एका वेळी ५ दिवसांपेक्षा कमी मिळत नाही, वर्षात ३ वेळांपेक्षा जास्त मिळत नाही (एकट्या आईला ६ वेळा), ती हक्क म्हणून मागता येत नाही आणि आधी मंजुरी घेतल्याशिवाय तिच्यावर जाता येत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी हे ठीक आहे. परीक्षेची तारीख आधी कळते. तापाची कळत नाही.

लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे ही डॉक्टरांच्या दृष्टीने नेहमीची गोष्ट आहे. पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी तो त्याहूनही जास्त वेळा होऊ शकतो. त्यातले बरेच आजार दोन-तीन दिवसांचे असतात. म्हणजे ज्या आजारासाठी रजा हवी त्याच आजाराला ही रजा बसत नाही. मग आई स्वतःच 'सिक'मध्ये जाते. आजारी मूल, आणि सर्टिफिकेट आईच्या नावाचे! वडिलांची गोष्ट तर याहून वेगळी. त्यांना मुलाच्या जन्माच्या वेळी १५ दिवस मिळतात. चाईल्ड केअर लीव्ह फक्त एकट्याने मूल सांभाळणाऱ्या बापाला. ग्रामीण डाक सेवक भगिनींना ही रजा लागूच नाही. कंत्राटी सफाई कामगार भगिनीला तर कामावर न आलेला दिवस म्हणजे बुडालेला रोज.

आणखी एक हिशोब मांडतो. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची. ती पुढे वाढवली नाही तर मूल सहा महिन्यांचे असताना आई कामावर हजर होते आणि मूल पाळणाघरात जाते. गोवर-रुबेलाची पहिली लस मिळते ९ महिने पुरे झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. मधले तीन महिने ते तान्हे मूल आजूबाजूच्या मोठ्या मुलांना लस टोचली आहे की नाही यावर अवलंबून असते. गोवराचा विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल संसर्ग देत असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराने मुले दगावली, हे आपण विसरता कामा नये. म्हणून पाळणाघरात नाव घालताना लसीकरणाचे कार्ड पाहणे हा कागदी सोपस्कार नव्हे.

याचा अर्थ शिंकणाऱ्या प्रत्येक मुलाला दारातून परत पाठवावे असा नाही. काही ठिकाणी नाक वाहताना दिसले की मूल घेत नाहीत. ताप नसलेल्या, खेळत्या-खात्या मुलाला साध्या सर्दीसाठी परत पाठवून फारसे काही साधत नाही, कारण लक्षणे दिसण्यापूर्वीच ते संसर्ग देऊन बसलेले असते. कडक राहायचे ते जिथे फरक पडतो तिथे. ताप असेल तर औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसावा. जुलाब-उलट्या थांबून किमान २४ तास जावेत. कांजिण्यांचे सर्व फोड सुकून खपली धरावी. गोवराचे पुरळ उठल्यानंतर चार दिवस जावेत. हा फलक प्रत्येक पाळणाघराच्या दारावर सर्वांना वाचता येईल अशा भाषेत हवा.

औषधांबाबतही शिस्त हवी. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांची सही असल्याशिवाय मावशींनी कोणतेही औषध पाजू नये. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी औषधाने लहान मुलांचे जीव गेले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. मात्र जुलाब सुरू झाले तर ओआरएसचे एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घोट घोट पाजायला वाट पाहू नये. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन अपुरे पडल्यावर याच साध्या मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले.

पण साबण, पाणी आणि माणसे नसतील तर फलक काय करणार? माझ्या पाहण्यात असे पाळणाघर आहे, जिथे लंगोट बदलणारी आणि जेवण भरवणारी मावशी एकच, आणि हात पुसायला सगळ्यांना मिळून एकच टॉवेल. त्या मावशी कंत्राटी. स्वतःला खोकला असला तरी येतात, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. त्यांना भरपगारी आजारपणाची रजा देणे हे त्यांच्यावर उपकार नाहीत. ते मुलांचे संरक्षण आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने ३० पेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात, म्हणजे रेल्वे वर्कशॉपमध्येही, सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवले. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० कर्मचाऱ्यांची अट घातली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. पण कायदा खोली देतो. तापलेल्या मुलाजवळ बसायला दिवस देत नाही. तो आपल्याला मिळवावा लागेल.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडू या. मुलाच्या आजारपणासाठी चाईल्ड केअर लीव्ह एकेक दिवसही मिळावी, त्या वेळा तीनच्या मर्यादेत धरू नयेत, आणि ती वडिलांनाही मिळावी. पाळणाघरातून निरोप आला की तासाभरात आईला किंवा वडिलांना मोकळे करावे व त्यासाठी रिलीव्हर ठेवावा. आजारी मुलासाठी वेगळी खोली, निदान वेगळा कोपरा असावा. लंगोटाचे आणि जेवणाचे काम वेगवेगळ्या हातांत असावे. हेल्थ युनिटच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा फेरी मारावी. रेल्वेच्या साथींनी हे मुद्दे आपापल्या डिव्हिजनच्या पीएनएमच्या विषयपत्रिकेत घालावेत. पोस्टाच्या साथींनी आपल्या अधिकाऱ्यांबरोबरच्या बैठकीत. रजेच्या नियमाचा मुद्दा मात्र जेसीएममध्येच सुटेल. तिथे तो रेटण्यासाठी भोपाळपासून हुबळीपर्यंतच्या शाखांचे ठराव फेडरेशनकडे जायला हवेत.

साताऱ्याच्या सुरेखा यादव देशातल्या पहिल्या महिला इंजिन ड्रायव्हर झाल्या आणि २०२५ साली निवृत्तही झाल्या. स्त्रिया इंजिनावर चढून एका पूर्ण नोकरीइतका काळ लोटला. तरी मुलाला ताप आला तर त्यांनी काय करावे याचे उत्तर रजेच्या नियमात नाही. पुढच्या शाखासभेत हा विषय शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने' घेऊ नका; पहिल्या क्रमांकावर घ्या, आणि ठराव मांडायला एखादा बाप उभा राहू द्या.