हरलेल्या बाजूची गोष्ट

संगणकावरच्या खेळात गोष्ट असूच शकत नाही, असे आमचे काही साहित्यिक मित्र मोठ्या ठामपणाने सांगतात. गोष्ट लेखकाने ठरवायची. ती खेळणाऱ्याच्या बोटांवर सोपवली की तिचा सोंगट्यांचा डाव होतो, असा त्यांचा सिद्धान्त. यांच्यापैकी एकानेही असला खेळ कधी खेळून पाहिलेला नाही. पण ते असो. न वाचलेल्या पुस्तकावर परीक्षण लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे.

मी, कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर, 'विंग कमांडर' मात्र खेळलो आहे. अमेरिकेतल्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने १९९० साली काढलेला खेळ; कर्ता क्रिस रॉबर्ट्स. 'टायगर्स क्लॉ' नावाचे अवाढव्य लढाऊ अंतराळयान, त्यावर आपण नवखे वैमानिक, आणि समोर किलराथी नावाची, मांजराच्या तोंडाची, माणसांच्या मुळावर उठलेली जात. कथानक म्हणाल तर बाळबोध! शत्रूला मांजराचे तोंड लावले म्हणून कोणी महाकवी होत नाही, एवढे मलाही कळते.

खरी करामत आहे ती बांधणीत. एका तारकामंडळातल्या मोहिमा आटोपल्या की त्यांचे गुण मोजले जातात, आणि जहाज पुढे कोणत्या मंडळात जाणार हे त्यावर ठरते. कामगिरी फसली म्हणून खेळ संपत नाही. गोष्ट दुसऱ्या वाटेला लागते. जिंकत गेलात तर शेवट व्हेनिस मंडळात, शत्रूच्या तळावर. हरत गेलात तर हेल्स किचन, आणि तेथून माघार. दोन्ही वाटा लेखकानेच लिहिलेल्या आहेत, महाराज! कोणती वाट आपल्या वाट्याला यावी, एवढेच आपल्या हातावर ठेवले आहे.

पहिल्याच एन्यो मंडळात आपल्या जोडीला स्पिरिट ही जपानी वैमानिक येते. मृदू बोलणारी बाई. तिला सांभाळता आले नाही, तर तिची शवपेटी मानवंदनेसह अंतराळात सोडतात, आणि ती पुन्हा येत नाही. पुढे जेथे ती सोबत असायची तेथे एकट्याने जावे लागते. कादंबरीत पात्र मरते तेव्हा दोष लेखकाचा; येथे तो आपला. हा फरक सिद्धान्तवाल्यांनी जरा चाखून पाहावा.

आता दुसऱ्या पक्षाला दोन शब्द. यानातल्या बराकीत, झोपायच्या खाटांवरच, खेळ राखून ठेवण्याची सोय आहे. तिचा उपयोग खेळणारे काय करतात? हरले की राखलेला डाव उघडून पुन्हा तीच मोहीम, जिंकेपर्यंत! म्हणजे लेखकाने कष्टाने लिहिलेली अर्धी गोष्ट न वाचताच पुसून टाकायची. माझे विद्यार्थी नव्या खेळांत हेच करतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. ज्या घरात निकालाच्या दिवशी नापास पोराशी कोणी धड बोलत नाही, त्या घरातल्या पोराला हरल्यानंतरही गोष्ट चालू राहते हे खरे वाटावे तरी कसे? राग येतो तो पालकांचा. आणि रंगभूमीवरच्या शोकांतिकेला डोळे पुसणाऱ्या, पण पोराच्या हातातल्या पडद्याला 'थिल्लरपणा' म्हणणाऱ्या आमच्या मित्रांचा.

त्यांनी एकदा, राखलेला डाव न उघडता, हेल्स किचनपर्यंत हरत जाऊन यावे. मग पुढच्या दिवाळी अंकात माझ्याविरुद्ध खुशाल लिहावे. मी अंक विकत घेऊन वाचीन.