दगडावर कोरलेला जमाखर्च

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी बृहदीश्वर मंदिराचे सुमारे दोनशे फूट उंचीचे शिखर मान उंचावून पाहतो, नंदीला नमस्कार करतो आणि परतीच्या गाडीची चौकशी करू लागतो. फार तर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये प्राकारात कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहून त्याचा ऊर भरून येतो. त्यात गैर काही नाही. परंतु याच मंदिराच्या भिंतींवरील तमिळ शिलालेखांकडे मात्र बहुधा कोणाचे लक्ष जात नाही.

राजराज चोळाने हे मंदिर इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केले. आपण, आपल्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी व इतरांनी देवाला जे जे दिले ते दगडावर कोरून ठेवावे, अशी त्याची आज्ञा होती. ती किती काटेकोरपणे पाळली गेली हे पाहण्यासारखे आहे. दागिन्यांचे वजन नोंदविताना दोरा वगळलेला आहे. देवस्थानच्या चारशे नर्तकींची नावे, घरे आणि प्रत्येकीला दरसाल मिळणारे शंभर कलम भात यांची नोंद आहे. देवस्थानचा पैसा ग्रामसभांना दरसाल साडेबारा टक्के व्याजाने दिला जाई. त्या व्याजातून कोणता खर्च भागवायचा, तेही कोरलेले आहे. देऊळ, पेढी आणि जमीनदारी या तिन्हींचा कारभार येथे एकाच छत्राखाली चालत होता.

या वैभवाचे भाबडे कौतुक करण्याचे कारण नाही. काही सोने चेर व पांड्य यांच्याकडून जिंकून आणलेले होते. नर्तकी इतर देवळांतून आणून येथे वसविल्या होत्या. करमाफ जागांच्या यादीत तळी, कालवे व स्मशान यांच्याबरोबर परैयांची वेगळी वस्तीही येते. मात्र लूट, सक्ती आणि विषमता यांची ही साक्ष आपल्याला मिळते ती त्याच हिशेबामुळे, हे विसरता येणार नाही.

त्या काळी हे लेख वाचू शकणारे कितीसे होते, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्तच आहे. पण आज वाचणाऱ्यांची वाण नाही, आणि २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदाही आहे. तरीही नगरपालिकेचा वा देवस्थानचा जमाखर्च पाहू इच्छिणाऱ्या नागरिकाला अनेकदा खेटे घालावे लागतात. प्राचीन मंदिरांचा अभिमान मिरविणाऱ्या विश्वस्तांनी तरी आपल्या देवळाचा वार्षिक हिशेब दर्शनी भिंतीवर लावण्यास कोणती हरकत असावी?

शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. दक्षिणेची सहल काढाल तेव्हा तंजावरला एक तास अधिक ठेवा. हुल्ट्श यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या लेखांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. त्यांतील चार पाने आधी वर्गात वाचा. मग शिखर पाहताना त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारतील.