उरलंसुरलं संपवणं म्हणजे तप नव्हे



गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला 8 किलो वजन कमी करायला सांगितलं. गुडघे दुखतात, साखरही काठावर आली आहे. घरी लगेच ठरलं, संध्याकाळी आईसाठी वेगळं सूप. पहिल्याच दिवशी दुधीचं सूप केलं, वाडगाभर प्यायले, मनातून खूशही झाले. मग सूर्यास्ताला 20 मिनिटं उरली असताना ओट्याशी उभं राहून दोन पोळ्या, वाटीभर भाजी आणि धाकट्याने ताटात ठेवलेला वरणभात संपवला. सूप बिचारं काय करणार?

वजन वाढलं की आपण तुपाला दोष देतो, वयाला देतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे. दोष "तेवढं संपवून टाक" या सवयीचा आहे. रात्री जेवायचं नाही, शिळं ठेवायचं नाही, ताटात टाकायचं नाही. तिन्ही नियम मला मान्य आहेत, मी ते पाळतेही. पण तिन्हींचा भार घरातल्या एकाच पोटावर का? हे जेवून उठतात, मुलं उठतात, आणि पातेली रिकामी करायची ती आपण. वर त्याला धर्म म्हणायचं!

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपं सांगितली आहेत. पहिलं अनशन, दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं. भगवती आराधनेत तर पूर्ण आहाराचं मापही दिलंय, पुरुषाला 32 घास, स्त्रीला 28. त्याहून कमी खाल्लं तर ते अवमौदर्य. बाईच्या पोटाचं माप शास्त्राने ठेवलं, आपल्या स्वयंपाकघराने मात्र ठेवलं नाही. चतुर्दशीला उपवास करायचा आणि बाकी दिवस उरलेलं पोटात ढकलायचं, याला तप कसं म्हणायचं?

कुणी म्हणेल, मग अन्न टाकायचं का? मुळीच नाही. कमी शिजवायचं. जास्तीचा स्वयंपाक म्हणजे जास्तीचं पाणी, जास्तीचा विस्तव, जास्तीचा आरंभ. हिंसा पातेलं चढवतानाच होते. उरलेलं मी गिळलं म्हणून ती पुसली जात नाही.

म्हणून आता आमच्याकडे 'आईचं सूप' बंद. संध्याकाळी सगळ्यांना एकच कढण. हो, कढणच! आपल्या आज्या आजाऱ्याला मुगाचं कढण द्यायच्या, त्यालाच आपण आता सूप म्हणतो. पाकिटातलं सूप आणणाऱ्यांनी मागची बारीक अक्षरं वाचावीत. कांदा-लसणाची पूड बहुतेक वेळा तिथेच सापडते.

चौघांसाठी अर्धी वाटी मूगडाळ धुऊन घ्या. पाव किलो कोवळ्या दुधीच्या फोडी करा. आधी एक फोड चाखा, कडू लागली तर तो दुधी अजिबात वापरू नका. डाळ, दुधी आणि दोन टोमॅटो पाच वाट्या गाळलेल्या पाण्यात कुकरला मऊ शिजवून घोटा. चमचाभर तुपात जिरं, हिंग, चिमूटभर सुंठ घालून फोडणी द्या. आलं नको, सुंठ पुरते. मीठ, मिरपूड घालून एक उकळी आणा, वरून लिंबू पिळा. मैदा नको, साय नको, दाटपणा डाळीचाच. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं चालत नसेल तर नुसत्या डाळीचं करा. सोबत ज्वारीची चतकोर भाकरी. पोट भरतं, जड होत नाही.

भाकऱ्या मी आता विचारून, मोजून थापते. पहिल्या आठवड्यात एकदा कमी पडली. सासूबाई म्हणाल्या, "घरात अन्न कमी पडावं, हे काय?" मी म्हटलं, "आत्या, आज सगळ्यांचंच अवमौदर्य झालं." त्या हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता स्वतःहून सांगायला आल्या, "माझी अर्धीच धर गं."

वजन किती उतरलं ते विचारू नका, अजून काटा फारसा हललेला नाही. पण संध्याकाळी ओट्याशी उभं राहून खाणं थांबलं आहे. आता मी सगळ्यांबरोबर पाटावर बसते, माझा वाडगा माझ्यापुरता घेते, आणि दिवस मावळायच्या आत पातेलं आपोआप रिकामं झालेलं असतं.

आज संध्याकाळी पातेलं चढवण्याआधी घरात एकदा विचारा, कोण किती खाणार? आणि त्या मोजणीत स्वतःला सगळ्यांत शेवटी धरू नका.