यजमान नसलेलं घर

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात मध्यंतराच्या चहाच्या रांगेत उभं राहिलं की दोन विषय हमखास कानावर पडतात. एक मुलांची कॉलेजं आणि दुसरा घरांच्या किमती. गेल्या काही वर्षांत त्यात तिसऱ्याची भर पडली आहे, रोजच्या भाड्यानं दिलेली घरं. यंदाच्या संक्रांतीला एका जुन्या मित्रानं माझ्याजवळ मन मोकळं केलं. "जर्सी सिटीतला कॉन्डो ठेवला होता रे. रात्रीच्या भाड्यानं दिला असता तर मुलीच्या कॉलेजची फी निघाली असती. पण त्या कायद्यानं घात केला!" त्याला माझ्याकडून सहानुभूती हवी होती. मी म्हणालो, "कायदा बरोबर आहे." मग हातातला चहा गार होईपर्यंत आमची चांगलीच जुंपली. शेजारी उभ्या असलेल्या संपादकांनी ती ऐकली आणि म्हणाले, "भांडू नका, लिहून द्या." तर मंडळी, हे लिहून दिलं आहे.

आधी माझाच इतिहास सांगतो, कारण मी काही साव नाही. २००४ साली मी न्यूअर्कला एम.एस. करायला आलो. नोकरी लागली, लग्न झालं, आणि २०११ मध्ये आम्ही जर्सी सिटीत ग्रोव्ह स्ट्रीट स्टेशनजवळ दोन बेडरूमचा कॉन्डो घेतला. सहा घरांची जुनी विटांची इमारत. पाथ गाडीनं काही मिनिटांत मॅनहॅटन. पुढे मुलं शाळेची झाली आणि २०१६ मध्ये चारचौघांसारखे आम्हीही एडिसनला आलो. कॉन्डो मात्र विकला नाही. महिन्याच्या भाड्यानं दिला तर २,४०० डॉलर्स येणार होते. एका वेबसाईटवर रात्रीच्या हिशोबानं टाकला तर चांगल्या महिन्यात ४,००० च्या वर. आमचा धंदाच एक्सेल शीटचा, त्यामुळे निर्णय घ्यायला वेळ लागला नाही. किल्ल्या देणं, चादरी बदलणं, तक्रारी ऐकणं यासाठी एक व्यवस्थापन कंपनी नेमली आणि मी नुसता महिनाअखेरीला आकडा बघू लागलो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक फिलिपिनो आजोबा राहत. टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही तिथे राहत होतो तोवर आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असायची आणि त्यांची आमच्याकडे. धाकटी झाली त्या रात्री मोठ्याला त्यांच्याच सोफ्यावर झोपवून आम्ही हॉस्पिटल गाठलं होतं. घर रोजच्या भाड्यानं गेल्यावर दाराला आकड्यांचं कुलूप बसलं. दर पाहुण्यागणिक आकडा बदलायचा. खिळ्यावरची किल्ली तिथेच राहिली आणि तिचा उपयोग संपला हे त्यांना सांगायचं मला सुचलंही नाही.

जानेवारी २०१८ मधली कडाक्याची थंडी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या आठवड्यात आमच्या घरातले पाहुणे हीटर बंद करून आणि न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवून निघून गेले. पाइप गोठला, फुटला आणि मध्यरात्री आजोबांच्या छतातून पाणी गळायला लागलं. ते वर आले. दार ठोठावलं, पण आत कोणीच नव्हतं. माझा जो फोन नंबर त्यांच्याकडे होता तो जुन्या कंपनीचा, आणि नवा मी कधी दिला नव्हता. दारावर चिकटवलेल्या नंबरवर त्यांनी फोन केला तर पलीकडून विचारणा झाली, "तुमचा बुकिंग नंबर सांगा." शेवटी अग्निशमन दल आलं आणि सगळ्या इमारतीचं पाणी बंद केलं. मला हे कळलं सकाळी ऑफिसात, ईमेल उघडल्यावर.

नुकसान विम्यानं भरून दिलं. पण मी भेटायला गेलो तेव्हा आजोबा रागावले नाहीत, त्यांनी फक्त किल्ली परत दिली. म्हणाले, "सवयीनं हीच घेऊन वर गेलो होतो. लागली नाही." त्यानंतर महिन्याभरात मी ती जाहिरात उतरवली आणि एका तरुण जोडप्याला वर्षाच्या करारानं घर दिलं. मला उशिरानं आलेलं हे शहाणपण आहे, हे कबूल.

आता कायद्याकडे वळू, कारण पुष्कळांचा राग ऐकीव माहितीवर बेतलेला आहे. जर्सी सिटीनं २०१५ मध्ये अशा भाड्याला परवानगी देऊन हॉटेलासारखा कर लावला होता. नंतर तक्रारी वाढल्या आणि जून २०१९ मध्ये नगरपरिषदेनं नियम कडक केले. घरमालक स्वतः तिथे राहत असेल तर खोली पाहुण्यांना देता येईल. मालक जागेवर नसेल तर वर्षात जास्तीत जास्त ६० रात्री. चारपेक्षा जास्त घरांच्या इमारतीत मालक जागेवर नसेल तर मुळीच नाही. आणि भाडेकरूनं भाड्याचं घर पुन्हा पाहुण्यांना द्यायचं नाही. एअरबीएनबीच्या पाठिंब्यानं याविरुद्ध सह्या गोळा झाल्या आणि प्रश्न मतदारांपुढे गेला. कंपनीनं प्रचारावर ४० लाख डॉलर्सहून जास्त खर्च केले. ५ नोव्हेंबर २०१९ ला मतदान झालं आणि सुमारे ७० टक्के लोकांनी कायद्याच्या बाजूनं कौल दिला.

माझ्या मित्राचा पहिला मुद्दा इथेच आला. "टॅक्स मी भरतो आणि मत दुसरेच देतात! हा कुठला न्याय?" त्याला मत नव्हतं, कारण तो प्लेन्सबरोला राहतो. मलाही नव्हतं, मी एडिसनचा. पण जरा थांबून विचार करा. ज्या गल्लीत आपण झोपत नाही, जिथला बर्फ आपण उपसत नाही, जिथल्या शाळेत आपली मुलं जात नाहीत, तिथे रात्री दोन वाजता जिन्यात चाकांच्या बॅगा वाजाव्यात की नाही हे आपण ठरवावं? की त्या जिन्याच्या बाजूला ज्याची उशी आहे त्यानं?

दुसरा मुद्दा हक्काचा. "माझं घर आहे, मी काहीही करीन." असं या देशात कधीच नव्हतं. राहत्या घराच्या दिवाणखान्यात खानावळ किंवा गॅरेज काढता येत नाही, ते झोनिंगच्या नियमांमुळेच, आणि एडिसनमधल्या आपल्या घरांची किंमत ज्या शांततेमुळे टिकून आहे ती याच नियमांनी दिलेली आहे. जर्सी सिटीतल्या काही मालकांनी २०१५ च्या परवानगीच्या भरवशावर पैसे गुंतवले होते. ते कोर्टात गेले. २०२२ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय अपील न्यायालयानं त्यांचा दावा मान्य केला नाही. मालमत्ता त्यांच्याकडेच आहे. ती महिन्याच्या भाड्यानं द्यायला किंवा विकायला कोणी अडवलेलं नाही.

कुणी म्हणेल, "अहो, पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं एक खोली दिली तर काय बिघडलं?" काहीच बिघडलं नाही! कायदा तिला मुभाच देतो. न्यूयॉर्कचा कायदा आणखी कडक आहे. ५ सप्टेंबर २०२३ पासून तिथे ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घर द्यायचं तर महापालिकेकडे नोंदणी लागते, यजमानानं स्वतः घरात राहावं लागतं आणि पाहुणे दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणजे तिथेही पाहुणा चालतो, पण यजमान घरात हवा. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांनी आपल्याच दिवाणखान्यात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुण्यांना झोपवलं, तिथून हा सगळा व्यवसाय सुरू झाला. तेव्हा यजमान पलीकडच्या खोलीत होते. अतिथीला देव मानणारे आपण, आपल्याला तरी हा फरक समजावून सांगायला नको. देवळात पुजारी असतो. आमच्या कॉन्डोत फक्त आकड्यांचं कुलूप होतं.

तिसरा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. हॉटेलं महाग आहेत. मुलाच्या पदवीदानाला भारतातून आजी-आजोबा, मामा-मामी येतात, सहा जणांना दोन खोल्या घ्यायच्या तर खिसा रिकामा होतो, आणि हॉटेलात वरणभात शिजवता येत नाही. शिवाय न्यूयॉर्कमध्ये कायदा आला म्हणून घरभाडी उतरली असंही झालेलं नाही. ती उतरायला नवी घरं बांधायला हवीत. हॉटेल व्यवसायानं आणि त्यातल्या कामगार संघटनांनी या कायद्यांसाठी जोर लावला तो काही केवळ शेजारधर्मासाठी नव्हे, हेही मान्य. पण कुणाचा फायदा होतो यावरून एखादी गोष्ट चूक ठरत नाही. भाडी उतरली नाहीत म्हणून सहा घरांच्या इमारतीतलं एक घर परवान्याविना हॉटेल होऊ द्यावं, हेही त्यातून सिद्ध होत नाही. मी घर परत दिलं तेव्हा शहराचं भाडं एका पैशानं कमी झालं नसेल. पण एका जोडप्याला घर मिळालं आणि आजोबांना शेजार मिळाला.

हा प्रश्न आपल्या एका नदीकाठापुरता नाही. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं, की शहरातले पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. २०१७ मध्ये आम्ही चौघं तिथे अशाच एका फ्लॅटमध्ये उतरलो होतो. समोरच्या बाल्कनीतून एक बाई आमच्याकडे बघत होती. आम्ही हात हलवला, तिनं खिडकी लावून घेतली. तेव्हा वाटलं, काय खडूस लोक आहेत! आता वाटतं, त्या वर्षी तिनं असे किती हात पाहिले असतील.

आणि आता घरचंच बोलतो. माझे आईबाबा पुण्याला कोथरूडमध्ये राहतात, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांच्या फ्लॅटची एक किल्ली समोरच्या काकूंकडे असते. बाबा दोनदा न्हाणीघरात पडले, दोन्ही वेळा दार काकूंनी उघडलं. मी इथे अकरा हजार किलोमीटरपेक्षा लांब निवांत झोपतो तो त्या किल्लीच्या जोरावर. गेल्या वर्षी काकू मुलाकडे बंगलोरला जायचं म्हणू लागल्या आणि "फ्लॅट रोजच्या भाड्यानं देणार" अशी कुणकुण लागली. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी काय काय लिहिलं ते पुन्हा वाचवत नाही. सोसायटीनं ठराव केला पाहिजे, परकी माणसं जिन्यात नकोत, म्हाताऱ्यांचा काही विचार आहे की नाही! सौ. शांतपणे म्हणाली, "हे सगळं तू जर्सी सिटीच्या आजोबांना कधी म्हणाला होतास?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. इथे बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या आईवडिलांची किल्ली अशीच कुणा काकूंकडे, कुणा जोशीकाकांकडे असते. पुण्यात, ठाण्यात, नाशिकला आपल्याला शेजार हवा असतो आणि जर्सी सिटीत मात्र रिटर्न हवा असतो. हे दोन्ही एकाच तोंडानं मागता येणार नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. ज्या घरात आपण राहतो तिथे खुशाल पाहुणे ठेवा, पैसे घेऊन ठेवा, पोहे करून घाला. ज्या घरात आपण राहत नाही ते ज्याला राहायचं आहे त्याला द्या, वर्षाच्या करारानं. आकडा थोडा कमी येईल. आणि आपल्या गावच्या टाऊनशिपमध्ये असा नियम चर्चेला आला, तर विरोधाच्या अर्जावर सही करण्याआधी आपल्या आईवडिलांना एक फोन करा आणि विचारा, किल्ली सध्या कुणाकडे आहे?

काकू शेवटी बंगलोरला गेल्याच. फ्लॅट त्यांनी एका शाळामास्तरांच्या कुटुंबाला दिला, आणि जाण्याआधी आईबाबांची किल्ली स्वतः त्यांच्या हातात ठेवली. मास्तरांचा फोन नंबर माझ्याकडे आहे. माझा त्यांच्याकडे आहे, हे मी दोनदा तपासून घेतलं आहे.